दार पाचला उघडतं

कुलूप लागलं की आत दोन आवाज ऐकू येत. पहिला किल्ली फिरल्याचा आणि दुसरा थाप पडल्याचा. ही थाप सीलची. कुलपावर कागदाची ओली पट्टी बसवायची, तिच्यावर रेकॉर्डकीपरने सही ठोकायची आणि मग आतला माणूस दुपारी एकपर्यंत सरकारजमा. एकला जेवणासाठी सील फोडायचं, दोनला नवं लावायचं, पाचला ते फोडून माणूस बाहेर काढायचा. मधेच फोडायचं तर दाराशेजारच्या वहीत कारण लिहावं लागे, आणि 'किरकोळ' वगैरे कारणं रेकॉर्डकीपरला चालत नसत.

या नियमामागेही एक कारण होतं. जन्मांच्या, लग्नांच्या, जमिनींच्या नोंदींची जुनी रजिस्टरं इमारतीबाहेर न्यायला बंदी होती, त्यामुळे दुरुस्तीसाठी बाइंडरनेच त्यांच्याकडे यायचं. आधीचा एक बाइंडर डब्यातून दोन पानं घेऊन गेला. पानं सापडली, बाइंडर सापडला, पण तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला कुलपात बसावं लागे. मोबाइल आत नेता येई, मात्र त्याच्या कॅमेऱ्यावरही एक छोटं कागदी सील चिकटवलं जाई.

सध्याचा बाइंडर एकोणचाळीस वर्षांचा होता. होता असं बाकीचे म्हणत. कागदोपत्री पुरुष, घरी थोरल्या दादाचा धाकटा भाऊ, वहिनीचे भाऊजी, दारावरच्या पहारेकऱ्याचा बाइंडरभाऊ. ती स्वतः मात्र कळायला लागल्यापासून स्वतःला बाईच समजत आली होती, आणि हे अख्ख्या जगात फक्त अकरा जणींना ठाऊक होतं. त्या अकरांपैकी एकीलाही तिने प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. त्या मोबाइलमध्ये राहत. त्यांच्या गटाचं नाव 'शिलाई क्लास' होतं, म्हणजे कोणी डोकावलं तरी संशय नको. एकदा वहिनीने डोकावलंच. "अय्या, भाऊजी, मलाही घ्या की यात," म्हणाली. पुढे आठवडाभर बाइंडरला घास गोड लागला नाही.

गटात सगळ्या तिच्यासारख्याच. तिथे तिला 'दोरा' म्हणत. सगळ्यांत मोठी ती आत्या, तिनेच हा गट सुरू केला. लवंगी गाडी चालवायला शिकवायची आणि शिकणाऱ्याने सिग्नलला गाडी बंद पाडली की तेवढ्यात मेसेज लिहायची. सिस्टर बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती, आता निवृत्त. तिचे मेसेज औषधाच्या चिठ्ठीसारखे असत, लहान आणि हुकमी.

दोराने तिथे पहिला प्रश्न विचारला तो 'टक'चा. टक म्हणजे अंगाचा पुढचा नको असलेला भाग मागे वळवून, वर सरकवून सपाट बसवायचा. हा प्रश्न लिहायला तिला चार दिवस लागले आणि उत्तर चार मिनिटांत आलं. सिस्टरने लिहिलं होतं:

"घट्ट पण मऊ चड्डी घे. तिला गॅफ म्हणतात. शिवता येत असेल तर घरी शीव. टेप शक्यतो नकोच. लावलीस तर दवाखान्यातली कागदी, केस काढलेल्या कातडीवर, दोन-तीन तासच. लघवी तुंबवायची नाही. पाणी तोडायचं नाही. झोपताना काही नाही. दुखलं की त्या क्षणी सोडायचं. दुखणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा नव्हे."

खाली लवंगीने लिहिलं होतं, "आणि घाईत बसू नकोस गं बाई. मी एकदा धाडकन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. शिकणाऱ्याला वाटलं मॅडम गाणं म्हणताहेत."

बाइंडरच ती, शिवण्यात वाकबगार. तिने दोन गॅफ शिवले, दुहेरी टाक्याचे, सुरेख. शनिवार-रविवारी खोलीचं दार लावून तास-दोन तास ते घालून ती नुसती चालायची, खिडकीपासून कपाटापर्यंत. बघायला आरसासुद्धा नसे. पण पायजमा पुढून सरळ खाली पडतो आहे एवढं हाताला जाणवलं की दिवस बरा जाई.

आणि मग आत्याने सगळ्यांना घरी बोलावलं. शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला. पहिल्यांदाच सगळ्या एकमेकींना भेटणार होत्या. दोराने निळसर राखाडी रंगाचा एक स्कर्ट घेतला, अंगासरसा बसणारा, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. ऑफिसातून सुटून थेट जायचं तर टक करायचा कुठे? ऑफिसच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. घरच्या बाथरूमवर सात वाजता दादाचा कब्जा सुरू होई आणि पुढे सगळ्यांची रांग लागे. म्हणजे सकाळी सहाला करायचा आणि संध्याकाळपर्यंत टिकवायचा. गॅफ एवढा टिकत नसे. खालच्या फळीवरचं रजिस्टर काढायला उकिडवं बसलं की सगळं घसरे.

टेपच लागणार होती. सिस्टरने सांगितलेली कागदी टेप तिने आणून पाहिली, बोटांत धरून ताणली आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. वीस वर्षं चिकटवण्यात गेलेला तिचा हात. ही काय टेप झाली? घामाने अर्ध्या तासात सुटेल. तिच्या पेटीत कापडी पट्टी होती, पुस्तकांच्या पाठीला लावायची, एका बाजूने गोंद असलेली. ती पट्टी एकदा बसली की चाळीस वर्षं हलत नाही, असं ती गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आली होती. शुक्रवारी सकाळी सहा वाजता तिने तीच लावली. गटात विचारलं नाही. सिस्टर काय म्हणेल हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही.

दहाला रेकॉर्डकीपर सील घेऊन आला. तो दादाचा शाळासोबती, त्यामुळे तिला हक्काने अरेतुरे करी.

"आज मला मोठ्या ऑफिसात मीटिंग आहे. एकला सील फोडायला कोणी नाही. डबा आतच खा. दार पाचला उघडेल."

"आणि बाथरूमला..."

"आत्ता जाऊन ये की. लहान आहेस का?"

"नको, गरज नाही," ती म्हणाली. किल्ली फिरली, थाप पडली.

खोलीला खिडकी नव्हती, छताजवळ जाळीचा झरोका होता तेवढाच. छतापर्यंत लोखंडी फळ्या, त्यांच्यावर आडवी झोपवलेली रजिस्टरं. मधे एक टेबल आणि त्यावर तिचा संसार: टोच्या, दोरा, हाडाची पट्टी, पुठ्ठे, खळीचं वाडगं. दाराला छातीच्या उंचीवर एक सरकती फळी होती. ती सरकवली की पलीकडे खुर्चीत बसलेल्या पहारेकऱ्याची हनुवटी आणि मिशा दिसत.

अकरा वाजून गेले असतील. सगळ्यांत खालच्या फळीवरून तिने एक जाडजूड रजिस्टर ओढलं, मांडीवर घेतलं आणि उकिडवी बसलेली ती उभी राहिली. त्याच क्षणी उजवीकडे आत काहीतरी पिरगळलं. ओला कपडा पिळताना शेवटचा पीळ देतात तसं. रजिस्टर कसंबसं टेबलावर ठेवलं गेलं. ती टेबलाची कड धरून वाकून उभी राहिली. तोंडात पाणी सुटलं, मळमळलं, कपाळावर गार घाम आला.

थांबेल, असं तिने स्वतःला सांगितलं. टाका फार ओढला की दोरा थोडा कुरकुरतो, मग बसतो. ती दहा मिनिटं थांबली, मग आणखी दहा. कळ मांडीत उतरली आणि पोटात चढली. मग तिने मोबाइल घेतला.

"सिस्टर आहेस का?"

"बोल."

तिने लिहिलं. आधी अर्धंच लिहिलं. सिस्टरने एकेक प्रश्न विचारून उरलेलं बाहेर काढलं. कुठली टेप? कधी लावली? कळ कधी आली, हळूहळू की एकदम? उलटीसारखं होतंय? दोराने अकरा वाजून दहा मिनिटं असं लिहिलं तेव्हा घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"पुस्तकाची पट्टी," लवंगीने मधेच लिहिलं. "देवा. अगं, तू काय शब्दकोश आहेस का?"

"लवंगी, गप्प," आत्याने लिहिलं.

सिस्टर म्हणाली, "आधी ती काढ. आत्ता."

फळ्यांच्या मागच्या कोपऱ्यात दाराच्या फळीतून दिसत नसे. तिथे दोराने पायजमा सोडला. पट्टी कातडीशी एकजीव झाली होती. कड नखाने उचलू गेली तर कातडीच उचलली गेली. आपलं काम किती चोख आहे याचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

"निघत नाही. माझ्याकडे थिनर आहे. पुठ्ठ्यावरून पट्टी काढायला वापरते."

"थिनर? तिथे?" सिस्टरचा मेसेज ताबडतोब आला. "बाटली हातात आहे?"

"हो."

"खाली ठेव. ठेवलीस? झाकण लाव. आता सांग, तेल आहे का? खोबरेल, खायचं, कुठलंही?"

तेल नव्हतं. वंगणाची कुपी होती, यंत्राची. तीही नको म्हणाली सिस्टर. नुसतं पाणी तरी? पाण्याची बाटली होती, पण पट्टी कापडी, वरून पाणी टाकलं की निथळून खाली जाई.

मग दोराला जे सुचलं ते इतक्या वेळात का सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं. जुन्या पुस्तकाच्या पाठीवरचा वाळका गोंद काढायचा तर खरवडायचा नसतो. त्यावर खळीचा जाड थर द्यायचा आणि थांबायचं. खळ पाणी धरून ठेवते, हळूहळू खाली सोडते, गोंद मऊ पडतो आणि पाठ जशीच्या तशी मोकळी होते. असं तिने हजारदा केलं होतं.

"कणकेची खळ आहे. लावू?"

"त्यात काय काय असतं?"

"कणीक, पाणी. किडीसाठी मोरचूद घालतो, पण आजची ताजी आहे, अजून घातलेला नाही."

"नक्की?"

"नक्की. सकाळी मीच शिजवलीय."

"लाव. पंधरा मिनिटं. त्याहून जास्त नाही. आणि आता पाणी प्यायचं नाही, खायचं नाही. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं."

ऑपरेशन हा शब्द तिने दोनदा वाचला.

मोठ्या ब्रशने, पुस्तकाला लावावी तशी तिने खळ लावली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. समोरच्या फळीवर जन्मांची रजिस्टरं होती, वर्षवार. कोण कुणाच्या पोटी, किती वाजता, मुलगा की मुलगी. प्रत्येक ओळीत तीन रकाने, आणि तिसऱ्यात दोनच्या वर शब्द नाहीत. कितीतरी वर्षांच्या ओळी तिने स्वतः शिवून पक्क्या केल्या होत्या. तिची स्वतःची ओळही याच खोलीत होती, तिसऱ्या कपाटात. पहिल्याच आठवड्यात ती शोधून तिने रजिस्टर पुन्हा मिटून ठेवलं होतं. त्याला दुरुस्तीची गरज नव्हती.

पट्टी निघाली. दोन ठिकाणी कातडी घेऊन निघाली, पण निघाली. सगळं मोकळं झालं, आपल्या जागी आलं आणि कळ मात्र तशीच राहिली. उजवी बाजू सुजली होती, हात लावू देत नव्हती.

"टेप निघाली. दुखणं नाही गेलं," तिने लिहिलं.

बराच वेळ 'सिस्टर लिहीत आहे' एवढंच दिसत राहिलं.

"आतली शीर पिळली गेली असणार. रक्त जात नाही तिथे. कळ आल्यापासून साधारण सहा तास हातात असतात, कमीच धर. तुझी अकरा दहाची. म्हणजे पाच. आणि पाचला तुझं दार उघडतं. तेव्हा दवाखान्यात पोचून उपयोग नाही, तेव्हा सगळं उरकलेलं हवं. आत्ता बाहेर पड."

बारा चाळीस झाले होते. तिने कपडे नीट केले, हात पुसले आणि दाराची फळी सरकवली.

"काका."

पलीकडे मिशा हलल्या. "काय बाइंडरभाऊ? शिवताय का वाचत बसलाय?"

"काका, दार उघडता का? बरं वाटत नाही."

"काय होतंय?"

"पोटात दुखतंय."

"डब्यात काय आणलं होतं?"

"डबा उघडलाच नाही अजून."

"मग भूक आहे ती! माणूस भूक ओळखायला विसरला की असंच होतं. खा आधी."

"काका, खरंच."

तिचा आवाज ऐकून त्याने मिशीवरून हात फिरवला आणि रेकॉर्डकीपरला फोन लावला. त्याला कमी ऐकू येई, म्हणून तो फोन नेहमी मोठ्यावर ठेवत असे. दोन्हीकडचं बोलणं आत येत होतं.

"साहेब, बाइंडर पोट दुखतंय म्हणतात. सील फोडू?"

"पोट? वहीत काय लिहिणार, पोटदुखी? उद्या तपासणीला मला उभं करतील. सोडा पाजा त्याला फळीतून. अहो, हे सगळं घराणंच हळवं. याचा थोरला शाळेत सुई बघून आडवा व्हायचा. मी येतो साडेचारपर्यंत."

"साडेचार म्हणताहेत," पहारेकऱ्याने आत सांगितलं. "सोडा आणू?"

"नको," ती म्हणाली आणि फळी सरकवून जमिनीवर बसली.

चार तास, एवढंच. साडेचारला तो येईल, ती निघेल, काही बोलावं लागणार नाही. एकदा शब्द तोंडातून गेला की तो पहारेकऱ्याकडून रेकॉर्डकीपरकडे जाईल आणि जेवायच्या वेळेपर्यंत दादाच्या पानात वाढला जाईल. आणि इथे थांबल्याने जाईल ते काय जाईल? जे तिने उभ्या आयुष्यात कधी मागितलं नव्हतं, तेच ना?

तिने तसंच लिहिलं. "गेलं तर गेलं. नाहीतरी मला कुठे हवंय."

सिग्नलवरून की कुठून, लवंगीने लिहिलं, "मीसुद्धा असंच म्हटलं असतं." तिच्या मेसेजात पहिल्यांदाच विनोद नव्हता.

सिस्टरने लिहिलं, "जायचं तर डॉक्टरच्या हातून जाऊ दे, तू ठरवशील त्या दिवशी. टेपच्या हातून नको. आणि आत कुजलं की ते एकटं जात नाही. मी पाहिलंय. त्या माणसाला खरं कारण सांगितलंस?"

"नाही."

"सगळं नको सांगूस. दुखतंय कुठे एवढंच सांग."

दोराने मोबाइल खाली ठेवला. आणखी एक कळ आली, या वेळी तिच्या डोळ्यांसमोरची रजिस्टरांची रांग हलली. ती गुडघ्यांवर सरकत दाराशी गेली. उभं राहणं जमेना, म्हणून फळी खालूनच हाताने ढकलली. पहारेकऱ्याला फक्त तिची बोटं दिसली असतील.

"काका, पोट नाही. खालचं. एक गोटी पिळली गेलीय."

पलीकडे खुर्ची सरकली.

"कधीपासून?"

"अकरापासून."

"अरे माझ्या कर्मा! आणि इतका वेळ पोट पोट काय लावलंयस? माझ्या धाकट्या मेहुण्याला झालं होतं, फुटबॉल खेळताना. लाजत बसला संध्याकाळपर्यंत. काढून टाकावी लागली ना मग! थांब. थांब, बाळा."

सील फाटल्याचा आवाज आला, मग किल्लीचा. साहेबांना फोन नाही, काही नाही. दार उघडून तो उभा होता, थकलेल्या डोळ्यांचा, निवृत्तीला टेकलेला माणूस, एका हातात वही.

"काय लिहू?" त्याने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच लिहिलं, ठसठशीत अक्षरात. तिला ते उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. 'पुरुषाचं दुखणं. तातडीचं.'

त्या शब्दांवर दार उघडलं होतं. दुसऱ्या कुठल्याच शब्दांवर ते उघडलं नसतं हे तिला कळत होतं, आणि ते शब्द खोडून दुसरे लिहा म्हणायची ती वेळ नव्हती.

बाहेर जाणाऱ्याची पिशवी बघायची असते. त्याने तीही बघितली, घाईघाईने, सवयीने. कागद नव्हते. निळसर राखाडी स्कर्टची घडी होती.

"वहिनीसाठी का? रंग छान आहे," तो म्हणाला आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून तिला काखेत धरून जिना उतरू लागला. एकेका पायरीला तो मेहुण्याबद्दल काही ना काही सांगत होता. मेहुण्याला पुढे दोन मुलं झाली, काळजी करायची नाही, पुरुषाचं एकावरही भागतं. ती हं हं म्हणत होती. इतक्या मायेने तिला कोणी धरलं त्याला वर्षं झाली होती, आणि ती माया दुसऱ्याच कुणासाठी होती.

दवाखान्यात तिला पडद्याआडच्या पलंगावर झोपवलं. दहा मिनिटांत दादा आला. पहारेकऱ्याने रेकॉर्डकीपरला कळवलं होतं आणि रेकॉर्डकीपरने दादाला. पहारेकऱ्याने पिशवी दादाच्या हातात दिली, मेहुण्याची गोष्ट त्यालाही ऐकवली आणि तो आपल्या दारावर परत गेला.

"वजन उचललंस ना?" दादा पडद्यातून डोकावून म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो सलाइनच्या सुईकडे बघायचं टाळत होता. "किती वेळा सांगितलं, तो खळ-पुठ्ठा सोड. माझ्या ऑफिसात चिकट. खुर्चीचं काम."

"हो दादा."

"हो दादा काय? ऐकतोस कुठे?"

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी दादाला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली दादाचे तपकिरी बूट दिसत राहिले.

बाईंनी तपासलं. हात थंड होते, पण घाई नव्हती त्यांत. मग त्यांचं लक्ष सोललेल्या कातडीकडे गेलं. चौकोनी, सरळ कडा. वजन उचलून अशा कडा येत नाहीत.

"हे कशाने झालं?" त्यांनी विचारलं.

ती बुटांकडे बघत होती.

"मला फक्त उपचारासाठी हवंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "काय चिकटवलं होतं, किती वेळ, आणि दुखायला कधी लागलं. चुकीची वेळ सांगितलीत तर माझा निर्णय चुकेल."

तिने सांगितलं. कुजबुजून सांगितलं, पण पडदा कापडाचाच होता. काय चिकटवलं, कसं वळवलं, आणि का. 'का'पाशी ती अडली. बाईंनी मान हलवली, "कळलं, पुढे?" वेळा तिला नीट आठवेनात, म्हणून तिने मोबाइल उघडून वाचून दाखवल्या. अकरा दहा. अकरा पस्तीस. पट्टी निघाली बारा वीस. बूट जागचे हलले नाहीत.

"चांगला सल्ला दिलाय कोणीतरी," बाई म्हणाल्या. "पट्टी लावायच्या आधी मिळायला हवा होता."

"मिळाला होता," ती म्हणाली.

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सोनोग्राफीत वेळ घालवत नाही. पीळ सोडवून बघू. रक्त परत आलं तर वाचेल. नाही आलं तर काढावं लागेल, त्याच ऑपरेशनमध्ये. त्याचीही सही आत्ताच द्या."

तिने सही केली. कागदावरच्या नावाकडे न बघता केली, ती सवय जुनीच होती.

पडदा बाजूला झाला. दादा आत आला. त्याच्याकडे बघूनच तिला कळलं की त्याने सगळं ऐकलं आहे. आणि तो काय करणार हेही कळलं.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

त्यांच्या घरात हे असंच चाले. वडिलांची नोकरी गेली तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. बहीण नांदायचं सोडून परत आली तेव्हा 'चार दिवस आलीय' म्हणत सहा वर्षं गेली. ती स्वतः पंधराव्या वर्षी एकदा आईला काही सांगायला गेली होती, तेव्हा आई म्हणाली होती, "जेवून घे." न ऐकलेली गोष्ट घरात कुठेही ठेवता येते, तिला जागा लागत नाही. आजचीही तशीच ठेवली जाणार होती. वजन उचललं, शीर पिळली, ऑपरेशन झालं. दादा ते सगळ्यांना सांगेल, प्रेमानेच सांगेल. ती बरी होऊन घरी येईल, सातला बाथरूमवर त्याचा कब्जा होईल, आणि पुन्हा काही विचारायची सोय उरणार नाही.

नर्स चाकांचा पलंग घेऊन आली. "घड्याळ, मोबाइल, सगळं नातेवाइकांकडे द्या."

मोबाइल हातात थरथरला. सिस्टर होती. 'आत जाण्याआधी कळव. इथे सगळ्या बसलोय आम्ही.' त्यावर आत्याचं, त्यावर लवंगीचं, एकाखाली एक. उत्तर लिहायला तिने बोट उचललं, पण हाताला सुई टोचलेली, आणि नर्स घाई करत होती.

तिने मोबाइल दादाच्या हातात दिला. "काही जणी वाट बघताहेत. आत नेलं एवढं लिही त्यांना."

"कोण जणी?" दादाने मोबाइलच्या पडद्यावर बघितलं. "शिलाई क्लास? हे हिचं काहीतरी असेल. तुझ्या वहिनीचं."

"माझं आहे. वरपासून वाच. मग लिही."

"बरं बरं. ते नंतर बघू. तू आता शांत पड." त्याने मोबाइल शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून हात थोपटला, एखादी वस्तू जागेवर बसली की थोपटतात तसा.

पलंग निघाला. कॉरिडॉरमधले दिवे डोक्यावरून एकेक करून जाऊ लागले. दादा बाजूने चालत होता, पिशवी सांभाळत, सुईकडे न बघता.

"दादा, खिशात नको."

"अरे, हरवणार नाही."

"हरवू दे. खिशात नको. हातात घे."

तिचा आवाज चढला तसं नर्सने वळून बघितलं. दादाने मुकाट्याने मोबाइल काढला. त्याचा उजेड एव्हाना मालवला होता.

"आता हा बंद झाला. नंबर मागतोय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव लपत नव्हता.

पुढे दोन झडपांचं दार होतं. नर्सने पायाने एक झडप ढकलली. नातेवाइकांनी इथेच थांबायचं, ती म्हणाली.

"सात," दोरा पलंगावरून म्हणाली.

दादा थांबला होता. पलंग थांबला नव्हता.

"सात. शून्य. चार."

"अगं—" असं तिला ऐकू आलं की नुसताच श्वास होता, ते तिला सांगता येणार नाही. दाराची झडप परत येऊ लागली होती. फटीतून दादा दिसत होता, पिशवी काखेत, मोबाइल डोळ्यांसमोर धरलेला, अंगठा वर उचललेला आणि तिथेच राहिलेला.

शेवटचा आकडा तिने ओरडून सांगितला.